नळ हात ओढतो

गुणाजी हा माझा सख्खा धाकटा भाऊ. मी थोरला, तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. हे पहिलंच सांगून टाकतो, कारण हल्ली आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर कुणीही उठतो आणि बोलतो, "गुणाजी ना, आपलाच माणूस, आपणच त्याला पुढे आणला." साफ खोटं. गुणाजीला गावावरून मुंबईत मी आणला. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याला झोपायला जागा मी दिली, स्टोव्हला पिन मारायला मी शिकवलं. बाकीचं तो आपल्या मनाने शिकला, ते काय मी नाकारत नाही.

माझ्याबद्दलपण थोडं सांगतो, नाहीतर लोक विचारतील हा कोण बोलणारा. मी दशरथ. शिक्षण सातवी, पण सही बघाल तर बॅरिस्टरची वाटेल. मुलुंडला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे, हाताखाली अकरा माणसं. आणि आमच्या गावाचं, शिरसखोलचं, मुंबईत जे ग्रामस्थ मंडळ आहे त्याचा मी अध्यक्ष. सलग तीन वेळा, बिनविरोध. गाव तिकडे कणकवलीच्या आत, पण देवळाचं छप्पर असो की शाळेची भिंत, ठरतं घाटकोपरला आमच्या मीटिंगमध्ये. कोकणातलं कुठलंही गाव घ्या, अर्धं गावात आणि अर्धं मुंबईत.

गुणाजी आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आला आणि दुसऱ्याच दिवशी गायब. मी ड्युटीवरून आलो तर मालन, म्हणजे माझी बायको, दारात उभी. "भावोजी सकाळपासून नाहीत ओ. चहापण घेतला नाही." मी सगळी चाळ पालथी घातली. दिवेलागणीला हा आला. पायाला फोड, तोंड उन्हाने काळं. मी आधी एक ठेवून दिली, मग विचारलं, "कुठे मेला होतास?"

"भाऊ, तो खालचा मोठा पाइप आहे ना, आत माणूस उभा राहील एवढा? तो कुठून येतो ते बघायला गेलो. भांडुप गेलं, मुलुंड गेलं, ठाण्यापर्यंत गेलो. पुढे पण आहेच."

"मग?"

"मग भूक लागली. पण भाऊ, त्याला कान लावला ना, तर आतून कुणीतरी भरभर चालत गेल्यासारखं वाजतं."

मी तेव्हाच मालनला बोललो होतो, हा पोरगा एकतर वेडा होणार नाहीतर नाव काढणार. मालन बोलते मी फक्त पहिलं बोललो होतो. तिला आठवत नाही.

पुढे मी त्याला ओळखीने मिलमध्ये चिकटवला. मिलमध्ये सूत तुटू नये म्हणून हवेत पाण्याचा बारीक फवारा सोडतात, त्या पाइपांवर त्याचं काम. तिथे त्याने एक नाद लावून घेतला. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक पाइपाला टेकवायचं आणि मूठ कानाला. पाइप कुठे आतून भरत आलाय, कुठे हवा अडकलीय, डोळे मिटून सांगायचा. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याला नावाने हाक मारायचाच नाही. "ए कान, इकडे ये!" मला ते कळलं तेव्हा मी मिलच्या गेटवर जाऊन जॉबरला भेटलो. भांडायला गेलो होतो, पण तो बोलला, "अहो, या एका कानावर खातं चाललंय." मग मी चहा पाजला.

ब्याऐंशीच्या संपात मिल गेली. गुणाजी चार-सहा महिने हातगाडीवर कांदे-बटाटे विकत होता. तेव्हाही गिऱ्हाइकाला कांदे देता देता रस्त्याकडच्या गटाराची झाकणं बघायचा. मग कांदिवलीला नव्या बिल्डिंगी उभ्या राहायला लागल्या, तिथे एका प्लंबरकडे लागला. दोन वर्षांत त्या प्लंबरला हा विचारत नव्हता, प्लंबर ह्याला विचारत होता.

आता गावाच्या पाण्याचं सांगतो. त्यासाठीच बसलोय.

आमच्या गावात तीन वाड्या, डोंगराच्या उतारावर एकीखाली एक. वरची वाडी गावकरांची, मधली शाळेजवळची, खालची आमची. शिमगा सरला की व्हाळ, म्हणजे ओढा, आटतो, नुसती डबकी राहतात. बाया दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन ती चढण चढायच्या. माझी आई तशीच चढली, तिची मान शेवटपर्यंत वाकडी राहिली. पण वरच्या वाडीच्याही वर, नाना गावकरांच्या जमिनीत, एक झरा आहे. तो बाराही महिने वाहतो. नाना म्हणजे गावचे मानकरी. देवळात पहिला नारळ त्यांचा, शिमग्यात पालखीला पहिला खांदा त्यांचा. सत्तरी उलटली तरी आवाज असा, की खालच्या वाडीतला कुत्रा गप्प बसेल.

शहाऐंशीच्या मे महिन्यात आमच्या मंडळाने झऱ्यापासून खालच्या वाडीपर्यंत एक इंची पाइप टाकला. काम गुणाजीचं, डोकं माझं. नानांकडे शब्द टाकायला मी गेलो. "नाना, जमीन तुमची, पाणी तुमचं. पहिला नळ तुमच्या खळ्यात, दारासमोरच." नाना लगेच हो बोलले. खाली येऊन मी गुणाजीला सांगितलं, तर हा मान खाजवायला लागला. तो मान खाजवतो तेव्हा समजायचं, पटलेलं नाही.

"भाऊ, झरा नानांच्या खळ्यापासून चारशे पावलं लांब आहे, पण उंचीला बघशील तर जेमतेम दोन माणसं. पाइप तिथपर्यंत जवळजवळ आडवाच जातो. आणि तिथून पुढे एकदम खाली उतरतो."

"मग?"

"मग… म्हणजे मला नीट सांगता येत नाही. पण नानांच्या घराला वेगळं काहीतरी करायला पाहिजे."

"गुणाजी, देवळात पहिला नारळ कुणाचा?"

"नानांचा."

"मग नळ पहिला कुणाचा?"

"बरं," तो बोलला आणि कामाला लागला. मोठ्या भावापुढे तोंड उघडायचं नाही, हे वळण आमच्या घरातलं. ते मीच लावलेलं. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता. आता काय वाटतं ते विचारू नका.

उद्घाटन झकास झालं. नारळ, फोटो, माझं भाषण. हार मात्र एकच होता. त्यामुळे नानांच्या नळाला हार घालून फोटो काढला, नळ बंद केला, हार काढून शाळेच्या नळाला घातला, तिथला फोटो, तो नळ बंद, मग खालच्या वाडीत. तिन्ही नळांना पाणी असं आलं, की फोटोवाल्याचा शर्ट भिजला. दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईच्या एसटीत. पुढे पाऊस लागला, पावसात नळाला कोण विचारतो?

जानेवारीत मंडळाला नानांचं पत्र आलं. आमचा चिटणीस नंदकिशोर, बँकेत कारकून, त्याने ते मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. पहिल्या चार ओळी क्षेमकुशल. मग, "माझ्या नळास सकाळी पाणी येत नाही. उलट हात लावल्यास नळ हात ओढतो."

नंदकिशोर थांबला. कुणीतरी बोललं, "च्यायला, म्हणजे काय?"

"नानांचं वय झालं रे."

"वय नाही, त्या जागेतच काहीतरी आहे. झऱ्यावर नळ बसवताना देवाला विचारलंत काय?"

"विचारलं होतं," मी बोललो. "मी स्वतः."

गुणाजी मागे चपलांजवळ बसला होता. तो उठून पुढे आला. "नंदूभाऊ, ती ओळ परत वाचा."

"नळ हात ओढतो."

"ओढतो? ढकलत नाही ना? ओढतोच?" त्याचा चेहरा असा झाला होता, जसा लॉटरी लागलेल्याचा होतो. बाकीच्यांची वाट लागलेली आणि हा खूश. मला लाज वाटली, म्हणून मी त्याला खाली बसवला.

त्याच दिवशी त्याने नानांना पोस्टकार्ड टाकलं. मला न विचारता. त्यात सगळे प्रश्न. नळ ओढतो तेव्हा वेळ काय असते? तेव्हा खालचे दोन्ही नळ उघडे असतात का? आवाज येतो का? आणि शेवटी, नळाच्या तोंडाला आंब्याचं पान लावून बघा, पान धरून ठेवतो का ते कळवा. मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. गावच्या मानकऱ्याला सांगतो, नळाला पान लावून बघा!

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. एवढंच होतं: "पान धरतो. दोन पाने लावून पाहिली, दोन्ही धरली. यावरून खालचे लोक माझे पाणी ओढून घेतात हे सिद्ध होते. शिमग्याच्या आधी पाइप उचलावा, नाहीतर मी उचलीन. माझ्या अंगणातून पालखी त्या पाइपावरून ओलांडून जाणार नाही."

आता यात मेख कुठे ते बघा. झरा नानांचा. कागद नाही, करार नाही, सगळं शब्दावर. नाना नाही बोलले, तर पाइप म्हणजे लोखंड. आणि शिमगा तीन आठवड्यांवर. शिमगा झाला की व्हाळ आटणार, बाया परत ती चढण चढणार. गुणाजीची बायको जानकी तेव्हा गावीच होती, सहावा महिना. तो जेवण अर्धं टाकायला लागला.

नाना डोळे दाखवायला मुंबईला आले, लेकीकडे, कांदिवलीला सुगंधाकडे. मी निरोप पाठवला, रविवारी मंडळाच्या मीटिंगला या, रात्री आमच्याकडेच राहा, सोमवारी दुपारच्या एसटीत आम्ही बसवून देऊ. नाना आले. काठी, धोतर, आणि डोळ्यात औषध घातलेलं, त्यामुळे सगळ्यांकडे बारीक डोळे करून बघत होते. आधीच ते रागावलेले दिसतात.

गुणाजीने साइटवरून नळी आणली होती. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ना, ती काचेसारखी, आतलं सगळं दिसतं. आमच्या गल्लीच्या टोकाला पिंप ठेवलं. पाणी कुठलं? तर बायांनी घरटी एक कळशी दिली. आमच्या डोंगरावर कळशीभर पाणी देणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. पिंपापासून नळी सपाट गल्लीतून लांब नेली, गल्लीच्या तोंडाशी तिला एक तोटी जोडली, आणि तिथून नळी पायऱ्यांवरून खाली सोडली, चाळीस पायऱ्या. खालच्या टोकाला दुसरी तोटी.

"नाना, हे पिंप म्हणजे तुमचा झरा. ही तोटी तुमचं खळं. आणि ती खालची, खालची वाडी."

नाना खुर्चीत बसले. सगळी चाळ जमली. मी चार शब्द बोललो, मग गुणाजीने वरची तोटी सोडली. पाणी आलं.

"येता ना!" नाना बोलले. "मगे माझ्याकडे कित्याक येत नाय?"

"थांबा नाना. आता खालची सोडतो. ए, सोड रे खाली!"

खालची तोटी सुटली. वरचं पाणी बारीक झालं, थेंब थेंब झालं, बंद. आणि मग मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. वरच्या तोटीतून नळीत बुडबुडे शिरायला लागले. बाहेर नाही, आत! एकामागोमाग एक, मण्यांसारखे, आणि पायऱ्यांवरून खाली पळत सुटले. बाया बोलायला लागल्या, "अगं बाई, हवा पिते ती!" नंदकिशोर, एवढा शिकलेला माणूस, उकिडवा बसून नळीला नाक लावून बघत होता.

"बोट लावा नाना," गुणाजी बोलला. नानांनी तोटीला बोट लावलं. काढलं. परत लावलं. अंगठा लावून बघितला. पाच मिनिटं तो म्हातारा त्या तोटीशी खेळत होता. मला वाटलं, जिंकलो.

नाना मागे टेकले. "बरोबर. मी सांगी होतंय ताच झाला. खालच्यांनी सोडला की माझा पाणी ओढतत. तू सगळ्यांच्या समोर दाखवलंस, बरा केलंस."

"तसं नाही नाना, कोणी ओढत नाही. पाणी पुढे एवढ्या जोरात खाली पडतं, की मागून भरायला पुरत नाही, मग ते मिळेल तिथून हवा…"

"पाणी पडता ता कोणाच्या दारात?"

"खालच्या वाडीत."

"मगे? चोरयेचो माल ज्याच्या घरात गावता तो चोर."

लोक हसले. गुणाजीचा कान लाल झाला. तो बोलला, "नाना, यावर उपाय सोपा आहे. तुमच्या खळ्याच्या पुढे एक व्हॉल्व्ह बसवू. सकाळी अर्धा तास तो बंद ठेवायचा. वरच्या वाडीचं भरून झालं की उघडायचा. एवढंच."

मी लगेच उठलो. अध्यक्ष म्हणून मला वाटलं, हा मुद्दा मीच मांडायला पाहिजे. "आणि नाना, त्या व्हॉल्व्हचं चाक तुमच्या हातात! तुमच्याशिवाय कोणी हात लावणार नाही. तुम्ही सोडाल तेव्हा खालच्यांना पाणी, नाही सोडलं तर नाही!"

माझं ते वाक्य संपलं तेव्हा टाळ्या पडायला पाहिजे होत्या. नाना माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत राहिले.

"दशरथा, म्हंजे मी रोज सकाळी उठान चाक फिरवूचा? मानकरी मी की पाण्याचो पट्टेवालो? आणि एक दिस मी आजारी पडलंय, चाक सोडूक इसारलंय, तर खालची वाडी माका शिव्या घालतली. नको. माझो निरोप एकच. मंगळवारी मी गावात, बुधवारी पायपी वर."

उठले आणि हात धुवायला गेले. मीटिंग तिथेच संपली. नंदकिशोर माझ्या कानाशी येऊन बोलला, "दशरथभाऊ, ते चाकाचं बोलला नसता तर बरं झालं असतं." मी त्याला बोललो, चिटणिसाने अहवाल लिहावा.

गुणाजी पायऱ्यांवर बसून नळी गुंडाळत होता. मी त्याच्या बाजूला बसलो. वाटलं, हा आता मला बोलणार. उद्घाटनाच्या आधी मी सांगत होतो ना, असं काहीतरी. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो म्हणाला, "भाऊ, बुडबुडे खाली पोचायला किती वेळ लागला, मोजलास का? मी मोजायला विसरलो."

सोमवारी सकाळी मालनने मला हलवलं. "ओ, नाना बिछान्यात नाहीत. काठीपण नाही." रागावून तसेच एसटी स्टँडला गेले की काय? मी बनियनवरच बाहेर पडलो. गुणाजी माझ्या आधीच दारात चपला घालत होता.

आता इथे एक गोष्ट सांगायची राहिली, ती मी आधी सांगितली नाही, कारण ती आमच्या रोजची आहे, रोजचं कोण सांगतो? आमच्या डोंगरावर पाणी साडेपाचला येतं, सव्वा तास. पाइप खालून वर चढतो. चाळीच्या चार ओळी, एकीवर एक. पूर्वी काय व्हायचं, खालची ओळ नळ सोडायची आणि वरच्या ओळीला टिपूस नाही. हाणामाऱ्या. एकदा एक हंडा डोक्यात बसून टाके पडले होते. गुणाजीने चौऱ्याऐंशी साली पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या ओळीच्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवला आणि नियम केला, पहिलं सगळ्यात वरच्यांचं. तेव्हापासून खालचे नळ बंद राहतात, वरून हाळी आली की उघडतात. ते चाक शेवंतीच्या दाराला लागून आहे. शेवंती राहते अगदी खालच्या ओळीत, जवळच्याच एका शाळेत आया आहे, जिभेने तिखट.

आम्ही पायऱ्या उतरलो तर नाना तिथेच. खालच्या पायरीवर बसलेले, काठी गुडघ्यावर. समोर पहिल्या ओळीच्या बाया, दहा-बारा, रिकामे हंडे घेऊन. पाणी तर आलेलं होतं, पाइपातून सूं सूं आवाज येत होता. पण नळ बंद.

आम्ही जवळ गेलो तर नानांनी हात वर करून गप्प राहायला सांगितलं. ते शेवंतीशी बोलत होते.

"गो बाय, पाणी इला मां? मगे तुमी कित्याक थांबलात?"

"वरच्यांचं भरायचंय आजोबा."

"पण तुमचो नळ पयलो. तुमच्या दारातसून पाणी जाता."

"जातं की. पण आम्ही उघडला तर वर चढत नाही ना."

"मगे ता चाक कोणी बंद केल्यान? वरसून कोण येता काय बंद करूक?"

शेवंतीने नानांकडे असं बघितलं, जसं शाळेत नव्या पोराकडे बघत असेल. "वरून कशाला कोण येईल? मीच करते. माझ्या दारात आहे ना."

"आणि नाय केलंस तर?"

"तर वरची म्हातारी प्रेमाकाकू पाण्याशिवाय राहील. अर्धा तास थांबलो तर काय मरतो काय आपण?" मग ती बाजूच्या बाईकडे वळून बोलली, "कोणाचे पाहुणे गं हे? किती विचारतात!"

नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पाइपाकडे बघत बसले. मला दोनदा बोलावंसं वाटलं, पण गुणाजीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला गप्प बसवला.

मग वरून, चौथ्या ओळीतून, हाळी आली. "झालं गं!" तिसऱ्या ओळीने ती खाली दिली, दुसरीने खाली. शेवंती उठली, चाक फिरवलं आणि पहिल्या ओळीचे नळ एकदम सुटले. हंड्यांचा असा आवाज झाला, की बोललेलं ऐकू येईना. नाना गुणाजीला जवळ बोलवत होते.

"गुणाजी. व्हॉल्व्ह घाल."

"घालतो नाना."

"पण चाक माझ्या खळ्यात नको. खालच्या वाडीत घाल. शेवटच्या घराच्या दारात."

मला राहवेना. "नाना, खालच्यांच्या हातात? मग तुमचा मान…"

"दशरथा, तू गप रव. चाक मी फिरवलंय तर तो मान कसो? ती राखण झाली. त्यांनी आपणहान थांबूक होया. मी वरसून हाळी दितलंय, मगे त्यांनी सोडूचा."

"आणि नाही थांबले तर?" मी विचारलं.

"नाय थांबले तर गावाक दिसतला, कोण थांबलो नाय ता."

मी गुणाजीकडे बघितलं. वाटलं, आता हा नानांच्या पाया पडेल. तो मान खाजवत होता. मी मनात बोललो, मेलो, आता हा काही बोलणार नाही आणि चुकीच्या जागी व्हॉल्व्ह बसवून येणार, मागच्या नळासारखा. पण तो बोलला. गावच्या मानकऱ्याच्या तोंडावर.

"नाना, तसं नाही चालणार."

"कित्याक?"

"खालच्या वाडीत बसवला तर शाळेचा नळ उघडाच राहतो. तो तुमचं पाणी ओढेल. व्हॉल्व्ह शाळेच्या वर पाहिजे. माणूस खालच्या वाडीतलाच असू दे, पण त्याला रोज सकाळी शाळेपर्यंत चढून यायला लागेल."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नाना पुढे वाकले होते. "दाखव."

गुणाजी पायरीवर उकिडवा बसला. शेवंतीच्या हंड्यातून सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्याने फरशीवर रेघ ओढली. लांब आडवी, मग एकदम खाली. आडवी संपते तिथे एक टिंब, नानांचं खळं. खाली शाळा. त्याच्या खाली वाडी. नाना औषध घातलेल्या डोळ्यांनी रेघेवर पार वाकले. बाया हंडे घेऊन त्यांना वळसा घालून जात होत्या, एकीने "सरका ओ जरा" म्हटलंसुद्धा. नाना सरकले, रेघेवरची नजर न काढता. मला कोणी काही विचारलं नाही, अध्यक्ष मी असून. रेघ एका बाजूने सुकायला लागली होती, गुणाजीने परत बोट बुडवून ती ओली केली.

नानांनी काठी उलटी धरली आणि तिचं टोक शाळेच्या जरा वर टेकवलं.

"हंय?"

"जरा अजून वर, नाना."

त्यांनी काठी वर सरकवली.